बोट सुटायच्या आदल्या रात्री

“बोट संध्याकाळी सुटते ना? मग सकाळी सातला पौडातून निघू, बारा-एकपर्यंत आरामात पोचू.” क्रूझचं तिकीट काढलेल्या आमच्या मुळशी भागातल्या बहुतेकांच्या तोंडी हे वाक्य असतं. वाक्यात चूक काहीच नाही. रस्ता मोकळा असला, गाडी नीट चालली, कोणाला घाटात गाडी लागली नाही आणि मुंबईत शिरल्यावर ड्रायव्हर चुकला नाही, तर खरोखरच बारापर्यंत पोचता येतं. पण इतके ‘तर’ एका सकाळी जुळून यावे लागतात. एसटी चुकली तर मागून दुसरी येते. बोट चुकली तर ती परत येईपर्यंत धक्क्यावर उभं राहण्याखेरीज हातात काही उरत नाही, आणि पैसेही परत मिळत नाहीत.

म्हणून आधीच सांगतो: मुंबईहून क्रूझ असेल तर आदल्या दिवशी मुंबईत पोचा आणि रात्र बंदराजवळ काढा. हा मुक्काम मुंबई बघण्यासाठी नाही, दुसऱ्या दिवशीची बोट हातची जाऊ नये यासाठी आहे. एवढं मनाशी धरलं की कुठे उतरायचं, कशाने जायचं, संध्याकाळी काय करायचं हे सगळे प्रश्न निम्मे सुटतात.

बोट कुठून सुटते ते आधी बघू, कारण निम्मा घोळ इथेच होतो. मुंबईतली क्रूझ जहाजं बॅलार्ड पिअरवरून सुटतात. बॅलार्ड इस्टेट, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या (सीएसएमटी) मागचा, समुद्राकडचा दगडी इमारतींचा भाग. विलायतेच्या बोटी याच धक्क्याला लागत. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले ते ‘राजपुताना’ बोटीने, मुंबईहूनच. त्या काळात बोटीच्या प्रवाशांसाठी आगगाडी थेट बॅलार्ड पिअरच्या फलाटापर्यंत यायची, साहेब डब्यातून उतरला की चार पावलांवर बोट. आता ती सोय नाही, पण नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल तिथे उभं राहिलं आहे आणि सप्टेंबर २०२५मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

टॅक्सीवाल्याला मात्र नुसतं ‘क्रूझ’ किंवा ‘डॉक’ म्हणू नका. ‘बोट’ म्हणालात तर तो तुम्हाला गेटवेला नेईल, नाहीतर भाऊच्या धक्क्याला. भाऊचा धक्का माझगावला, बॅलार्ड पिअरपासून तीन-चार किलोमीटर उत्तरेला. तिथून मांडवा, रेवस, मोऱ्याच्या बोटी सुटतात, क्रूझ नव्हे. मुंबई बंदराच्या दरवाजांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट, पर्पल गेट वगैरे. तिकिटावर किंवा बोर्डिंग पासवर जे गेट छापलेलं असेल तेच टॅक्सीवाल्याला सांगा. क्रूझसाठी बहुतेक वेळा ते बॅलार्ड इस्टेटचं ग्रीन गेट असतं. बंदरावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. “मामा, जरा आत सोडा, बायकोची बॅग राहिलीय” हे तिथे चालत नाही. पोचवायला आलेल्यांनी गेटबाहेरूनच हात हलवायचे.

आता मुळशीतून निघायचं कसं. घरून फाटकाबाहेर पडल्यावर पहिला अडथळा भूगाव. मुंबईचा रस्ता कितीही मोठा असो, भूगावच्या चौकातून गाडी सुटल्याशिवाय तो आपल्याला लागत नाही. चांदणी चौकाचा जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये पाडला, ऑगस्ट २०२३मध्ये नवे रस्ते खुले झाले, तिथला जीव जरा सुटला. पण पिरंगुट ते चांदणी चौक हा पट्टा सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात टाळलेलाच बरा. घोटावड्याहून माण-हिंजवडीमार्गे थेट एक्सप्रेसवेच्या तोंडाला जाणारे आहेत, पण हिंजवडीची आयटीची वेळ आणि आपली वेळ एकच असली तर आगीतून फुफाट्यात. दुपारी एक-दोनच्या सुमारास, जेवण आटोपून निघा. त्या वेळी दोन्ही रस्ते बरे असतात.

माझं मत विचाराल तर गाडीपेक्षा आगगाडी बरी, आणि मुळशीकरांना ती आता पूर्वीपेक्षा जवळची झाली आहे. वनाजहून सुटणारी मेट्रो थेट पुणे रेल्वे स्टेशनला जाते. पौड-पिरंगुटहून बसने किंवा कोणाच्या गाडीने वनाजला उतरायचं, जिन्याऐवजी लिफ्ट शोधायची आणि बॅगा घेऊन मेट्रोत बसायचं. लक्ष्मी रोडची, दांडेकर पुलाची, स्टेशनच्या रिक्षावाल्यांची कटकट एका फटक्यात गेली. दुपारी सव्वातीनच्या सुमारास पुण्याहून सुटणारी डेक्कन एक्सप्रेस संध्याकाळी सातच्या आसपास मुंबईत सोडते. ही गाडी आदल्या दिवसाच्या मुक्कामाला अगदी सोयीची. आरक्षण मात्र क्रूझच्या तिकिटाबरोबरच करून ठेवा. शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळेल या आशेवर राहू नका.

आणि हो, शेवटपर्यंत, म्हणजे सीएसएमटीपर्यंत बसून राहा. दादरला उतरायची आपल्याला सवय असते, कारण आपले सगळे पाहुणे दादरच्या पुढेमागेच राहतात. बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून दीड-दोन किलोमीटरवर आहे. दादरला उतरलात तर तेवढ्यासाठी पुन्हा टॅक्सी नाहीतर लोकल आली, बॅगांसकट. शिवनेरी बसने गेलात तर ती दादरला पूर्वेला सोडते. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून कफ परेडपर्यंत धावते आणि वाटेत सीएसएमटी स्टेशन लागतं खरं, पण तिचं दादरचं स्टेशन पश्चिमेला. दोन मोठ्या बॅगा आणि सासूबाईंना घेऊन दादरचा पूल ओलांडून बघा एकदा, मग पुन्हा शिवनेरीचं नाव काढणार नाही.

तरी गाडीनेच जायचं ठरलं असेल तर वार बघा. सोमवारी बोट असली तर रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाऊ नका. लोणावळ्याहून परतणारी सगळी मुंबई त्या वेळी खंडाळ्याच्या घाटात उतरत असते. रविवारी सकाळी लवकर निघा. शुक्रवारची बोट असेल तर गुरुवारी दुपार चांगली. घाटात एखादा टँकर उलटला की एक्सप्रेसवे तासन्‌तास कोंडतो, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी भोगलंय. पनवेलनंतर अटल सेतूने शिवडीला उतरा आणि तिथून ईस्टर्न फ्रीवे धरा. हा फ्रीवे बंदराच्या कडेने येत ऑरेंज गेटजवळ पी. डिमेलो रोडवर सोडतो, म्हणजे जवळजवळ दारातच. टोल लागतो, पण चेंबूर-सायनची गर्दी टळते. गाडी तिथे चार दिवस ठेवायचा विचार मात्र सोडा. ड्रायव्हर सोडून परत येणार असेल तरच गाडी न्या. आणि तो परत जाणार असेल तर त्याच्या जेवणाची, डिझेलची सोय आधी करा. आमच्याकडे एका लग्नाच्या वेळी ड्रायव्हरने मुंबईतून फोन करून “पेट्रोल संपलंय” म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून मी हे विसरत नाही.

तिसरा रस्ता आहे, तो फक्त आपल्यासाठी, म्हणजे मुळशीच्या पश्चिमेकडच्या लोकांसाठी. ताम्हिणी उतरून विळे, कोलाड, नागोठणे, वडखळ करत अलिबागला जायचं, तिथे एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायचं. ही बोट साधारण तासाभरात पोचवते आणि गाडीही चढवते. हौशी माणसाला हा प्रवास क्रूझपेक्षाही आवडेल. पण मुंबई-गोवा महामार्गाची कामं आणि ताम्हिणीची वळणं लक्षात घेता हा रस्ता धरलात तर मुंबईत एक अख्खी रात्र वाढवा. आजारी माणूस किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर या भानगडीत पडूच नका.

आता मुक्कामाचा प्रश्न, आणि हा खरा अवघड. आपल्या तालुक्याचं मुंबईशी नातं जुनं. मुळशी-मावळातली माणसं मुंबईत डबेवाले झाली, गिरण्यांत गेली, गोदीत गेली. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, गावं पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर भिऱ्याला तयार झालेली वीज मुंबईला गेली. माणसंही तिच्या मागोमाग गेली. तेव्हा मुंबईत आपलं कोणी नाही असं घर मुळशीत विरळा. आणि आपल्या रीतीप्रमाणे मुंबईला जायचं म्हणजे पाहुण्यांकडेच उतरायचं. लॉजवर उतरलो हे कळलं तर मावशी वर्षभर बोलत नाही.

पण मावशी आता लालबागला राहत नाही. गिरणगावातली खोली विकून ती कधीच दिवा, विरार नाहीतर बदलापूरला गेली आहे. विरारहून सकाळच्या लोकलने बॅगा घेऊन चर्चगेटला येणं आणि पौडहून येणं यात फारसा फरक नाही. उलट पौडहून निघालेली गाडी निदान आपली असते. रविवारी मेगाब्लॉक असला तर विचारायलाच नको. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. पाहुणे भायखळा, परळ, गिरगाव, कुलाबा, फार तर दादरपर्यंत राहत असतील तर खुशाल त्यांच्याकडे उतरा. त्यापुढे असतील तर लॉज घ्या आणि परतीच्या वेळी त्यांच्याकडे एक रात्र राहा. जाताना मावशीला “परतताना येतो” असं आधीच सांगून ठेवा. मावशीचा रुसवाही टळतो आणि जहाजावरच्या गमती सांगायला तिथे वेळही मिळतो.

लॉज शोधताना नकाशावर बॅलार्ड पिअरवर बोट ठेवा आणि अडीच-तीन किलोमीटरच्या आत बघा. फोर्ट, सीएसएमटीचा परिसर, मस्जिद बंदर, काळबादेवी, कुलाबा. स्वस्त हवं असेल तर सी. पी. टँकला जुन्या धर्मशाळा आहेत. त्यातल्या काहींत खोल्या साध्या पण स्वच्छ असतात, फक्त दार रात्री किती वाजता बंद होतं ते विचारून घ्या. आमदार निवासाची चिठ्ठी मिळवायची धडपड मी दोनदा बघितली आहे. चिठ्ठी मिळाली, खोली मिळाली नाही, आणि रात्री अकरा वाजता टॅक्सीत बसून फोनवर लॉज शोधण्याची वेळ आली. ओळखीवर विसंबून एका रात्रीचे पैसे वाचवायचे, तर आधी दोन हजारांच्या खोलीने मिळणारं समाधान मोजून बघा.

बुकिंग करताना दोन गोष्टी फोन करून विचारा. एक म्हणजे दुसऱ्या दिवशी खोली किती वाजता सोडायची. बहुतेक ठिकाणी दहा ते बारा. बोटीवर चढायची तुमची वेळ दुपारी दोनची असेल तर मधले दोन-तीन तास बॅगा कुठे ठेवायच्या? चांगलं हॉटेल बॅगा ठेवून घेतं. नसेल ठेवत तर सीएसएमटीला क्लोकरूम आहे, पण तिथे बॅगेला कुलूप हवं आणि ओळखपत्र लागतं. दुसरी म्हणजे लिफ्ट. फोर्टमधल्या जुन्या इमारतींत दुसरा मजला म्हणजे चाळीस पायऱ्या असतात. गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन निघालेल्यांना हे आधी कळलेलं बरं.

आणि रिक्षा विसरा. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. काळी-पिवळी टॅक्सी नाहीतर मोबाईलवरून बोलावलेली गाडी. टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५पासून ३१ रुपये आहे. जवळचं अंतर म्हणून टॅक्सीवाला नकार देतो किंवा बॅगा बघून तोंडाला येईल तो आकडा सांगतो. वाद घालू नका, पुढची टॅक्सी बघा. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा एका काळ्या-पिवळीत बसत नाहीत, मोठी गाडी बोलवा.

संध्याकाळ मोकळी आहे म्हणून मुंबई दर्शन करायला निघू नका. पोरं राणीबाग म्हणतील, आई सिद्धिविनायक म्हणेल, बायको क्रॉफर्ड मार्केट म्हणेल. यातलं एकच करा, किंवा काहीच नको. चर्चगेटला जाऊन मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. भूक लागली तर सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी वेळ असला तर बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे १९२३ सालचं इराणी हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बोटीवर चढल्यावर खायला एवढं असतं की आदल्या रात्री पोट जरा हलकं ठेवलेलं चांगलं. ‘बोट लागणे’ हा प्रकार आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होता, कोकण बोटीने जाणाऱ्यांना तर फारच. गाडी लागते त्यांना बोटही लागण्याची शक्यता असते. डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्या. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते.

सकाळी काय करायचं त्याचा हिशेब उलटा मांडा. तिकिटावर बोट सुटण्याची वेळ असते, पण आपल्याला ती कामाची नाही. कामाची वेळ आहे ती चेक-इन बंद होण्याची. ती बोट सुटायच्या कितीतरी आधी असते, कारण प्रवाशांची यादी अधिकाऱ्यांकडे द्यायची असते. बहुतेक कंपन्या प्रवाशांना वेगवेगळ्या वेळा वाटून देतात. आपली वेळ एकची असेल तर बाराला गेटवर, साडेअकराला लॉजमधून निघालेलं, साडेदहाला बॅगा बांधून तयार. मोठ्या बॅगा गेटजवळच घेतात, त्यांना खोलीच्या क्रमांकाचं लेबल लावतात आणि त्या काही तासांनी तुमच्या खोलीत पोचतात. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, तान्ह्याचं दूध, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली, घरची दारू बॅगेत टाकली असेल तर ती तपासणीत काढून ठेवतात. चिवडा-लाडू नेणार असाल तर कंपनीचे नियम आधी वाचा, काही कंपन्या बाहेरचे पदार्थ चालवत नाहीत.

कागदपत्रांवर मी जरा जास्त बोलणार, कारण रस्त्यात अडकलेल्यांपेक्षा नावात अडकलेले मी जास्त पाहिले आहेत. देशातल्या देशात जाणाऱ्या बोटीला पासपोर्ट लागत नाही, पण फोटोचं मूळ ओळखपत्र लागतं आणि त्यावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे आधारवर नाव एका स्पेलिंगने, पॅनवर दुसऱ्या, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. लग्नानंतरचं नाव, माहेरचं नाव, त्यात आत्या-काकूंचं नाव लहानपणी कोणी नोंदवलं देव जाणे. जुन्या आधारवर कित्येकांची फक्त जन्माची वर्षं आहेत, तारीख नाही. मुलांच्या वयाचा पुरावा लागला तर ते अडतं. तिकीट काढायच्या आधी आधार समोर ठेवा आणि अक्षर न्‌ अक्षर तसंच भरा. लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीत प्रवेशासाठी आणखी परवानगी लागते, ती कंपनी काढते, पण त्यासाठी फॉर्म वेळेत भरावे लागतात. घरात कोणी गरोदर असेल किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर कंपनीला आधी विचारा. अनेक कंपन्या २४ आठवड्यांपुढच्या गरोदर स्त्रियांना घेत नाहीत, आणि हे गेटवर कळलं तर सगळं कुटुंब बाहेर उभं राहतं.

सगळ्या क्रूझ मुंबईहूनच सुटतात असं नाही. गोव्याहून असेल तर पणजीत किंवा कळंगुटला उतरू नका. बंदर मुरगावला आहे, वास्कोजवळ. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी म्हापशाला उतरून दुपारी मुरगाव गाठणं जमतं, पण तीच जुगारी चाल. कोचीत जहाजं विलिंग्डन बेटावर लागतात आणि विमानतळ नेडुंबसेरीला, तीस-पस्तीस किलोमीटर दूर. सिंगापूरला जाणाऱ्यांनी तर दोन टर्मिनलांतला फरक जाणून घ्यावा: एक मरीना बे क्रूझ सेंटर, जवळचं मेट्रो स्टेशन मरीना साउथ पिअर; दुसरं हार्बरफ्रंटचं. ती दोन्ही वेगळ्या ठिकाणी आहेत. तिथे व्हिसा लागतो आणि पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. विमान तासनतास उशिरा येऊ शकतं, तेव्हा परदेशात एक रात्र नव्हे, दोन राखा.

परतीचा विचार जाण्यापूर्वीच करायचा. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, पण उतरायला, बॅगा शोधायला, गेटबाहेर यायला दोन-तीन तास जातात. सकाळी सातच्या डेक्कन एक्सप्रेसचं तिकीट काढून बसलात तर ते पैसे गेले समजा. दुपारी अडीचची सिंहगड किंवा संध्याकाळी पाच दहाची डेक्कन क्वीन बरी. क्वीन पुण्याला साडेआठच्या आधी पोचते. मेट्रोने वनाजला या, मात्र तिथून पौडची शेवटची बस किती वाजता आहे ते निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. कोणी वनाजला गाडी घेऊन आलं तर फारच छान, कारण तोवर आपल्याला बोट लागलेली असो वा नसो, जमीन जराशी हलत असतेच.

आणि आत्ता एक करा. आधार कार्ड कपाटातून काढा, मूळ कार्ड, झेरॉक्स नव्हे. तिकिटावरच्या नावाशी ताडून बघा आणि प्रवासाच्या पिशवीत टाका.